चौकात लाकडी मंडप हवा की पत्र्याची शेड?

मूळ मत : दक्षिण रत्नागिरीतील एक रहिवासी

आमच्या बाजारपेठेच्या चौकात पूर्वी पिंपळाचा पार होता. तो मोडून पेव्हर ब्लॉक बसवले गेले. ते उन्हाळ्यात तापतात आणि पावसाळ्यात शेवाळ धरतात, त्यामुळे आठवडा बाजाराचा दिवस सोडला तर तेथे केवळ गाड्या उभ्या असतात. आता पोलादी सांगाड्यावर रंगीत पत्रा घालून शेड उभारण्याचे घाटत आहे. माझे म्हणणे असे की, त्याऐवजी चारही बाजूंनी मोकळा, कौलारू, लाकडी मंडप बांधावा. आषाढातल्या सरीत पत्र्याखाली शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही; आपल्या जुन्या देवळांच्या सभामंडपांत मात्र त्याच पावसात भजनही चालते आणि गावची बैठकही. लाकडी छपराने चौकात माणसे परत येतात, याचा दाखला स्पेनमधील सेव्हिल शहरात आहे. तेथील एन्कार्नासियोन चौक बरीच वर्षे ओसाड होता. युर्गन मायर या जर्मन वास्तुकाराने आखलेले प्रचंड लाकडी छत्र २०११ मध्ये तेथे खुले झाले, आणि आज त्याच्याखाली मंडई भरते.

प्रतिसाद : स्थापत्य अभियंता, रत्नागिरी

सेव्हिलची गोष्ट अर्धीच सांगितली गेली आहे. त्या छत्राचा मूळ अंदाज सुमारे ५ कोटी युरोंचा होता, प्रत्यक्ष खर्च सुमारे १० कोटींवर गेला. आणि ते लाकूडही साधे नव्हे, पातळ थर चिकटवून केलेले व वरून पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा लेप दिलेले आहे. तेथे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे ३,००० मिलिमीटरहून अधिक, तोही वाऱ्याबरोबर आडवा. लाकडातील ओलावा दीर्घकाळ २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते. तरीही माझी खरी हरकत वेगळी आहे. घराला मालक असतो, देवळाला मानकरी आणि गावकरी असतात. चौकाला कोण आहे? बांधकामाला निधी मिळतो, तेलपाण्याला मिळत नाही, हे मी पंचवीस वर्षांच्या नोकरीत पाहत आलो आहे.

प्रतिसाद : सुतार, संगमेश्वर तालुका

मी देवळांची जुनी लाकडी कामे दुरुस्त करतो. खांब कुजतो तो बहुधा बुडाशी, हातभर उंचीपर्यंत. मागच्या वर्षी एका सभामंडपातला फणसाचा खांब असाच गेला होता. खाली बोट रुतत होते, पण कमरेच्या उंचीवर ठोकले की खणखणीत वाजत होता. आम्ही तुळईला टेकू दिला, कुजलेला भाग कापून काढला, त्याच मापाचा सागाचा तुकडा खाच-कुसू करून जोडला आणि खालचा दगडी तळखडा वीतभर उंच केला. दोन दिवसांत काम झाले. पोलादी खांब खाऱ्या हवेने बुडाशी गंजला की लोक त्यावर रंग चढवतात आणि आत गंज चालूच राहतो. पाखे पुरेसे बाहेर काढून पागोळ्या खांबांपासून लांब पाडल्या, तर लाकूड आपल्या पावसाला टिकते. मात्र ते वर्ष-दोन वर्षे सावलीत वाळलेले असले पाहिजे, आणि निविदेच्या घाईत तेवढे कोणी थांबत नाही. म्हणून अभियंता साहेबांची भीती मला खोटी वाटत नाही.

प्रतिसाद : बागायतदार, राजापूर तालुका

लाकूड येणार कोठून, हे कोणीच बोलत नाही. आमच्या सड्याखालच्या खाजगी रानातून ऐन-किंजळ या झाडांच्या लाकडाने भरलेले ट्रक दर हिवाळ्यात उतरतात आणि डोंगर बोडके होत चालले आहेत. चौकाच्या शोभेसाठी त्यात आणखी भर नको. सावलीच हवी असेल तर ज्या पिंपळाचा पार मोडला, तोच पुन्हा लावावा. त्याला ना निविदा लागते ना तेल.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

पिंपळ लावाच, मीही खड्डा खणायला येईन. पण त्याची सावली पसरायला वीस वर्षे लागतील, आणि भर पावसात झाडाखाली कोणी बसत नाही. लाकडासाठी उभे झाड तोडू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोलीकडच्या माझ्या नातेवाइकांच्या बागेतले तीन मोठे फणस पडले आणि सरपणाच्या भावाने गेले. असे पडलेले लाकूड जमवून वाळवत ठेवले, तर छोट्या मंडपाला पुरेल. राहिला देखभालीचा प्रश्न. आठवडा बाजारात प्रत्येक विक्रेत्याकडून पावती घेतली जाते. तिच्यातला ठरावीक वाटा केवळ मंडपाच्या तेलपाण्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवावा, आणि ते खाते व्यापारी व गावकरी यांच्या समितीकडे असावे.

प्रतिसाद : स्थापत्य अभियंता, रत्नागिरी

हा ठराव बांधकामाच्या आधी होणार असेल, तर अंदाजपत्रक मी विनामूल्य तपासून देईन. आधी मंडप आणि मग ठराव, असे असेल तर माझा विरोध कायम आहे.