अनुभव धागा: यंत्र आलं, मग कोणाचं काम कोणाकडे गेलं?

चाळकरीण:

नोव्हेंबर लागला की आमच्या घरात एकच विषय, बाबांचा हयातीचा दाखला, म्हणजे पेन्शन घेणारा अजून जिवंत आहे याचा पुरावा. बाबा चर्नी रोडच्या सरकारी छापखान्यात कंपोझिटर होते, आता वय ८१. पूर्वी बँकेत जायचं, पेन्शनरांच्या यादीत आपल्या नावापुढे सही करायची, शेजारच्या खुर्चीतल्या जुन्या सोबत्याशी कोण गेलं नि कोण राहिलं याचा हिशोब करायचा, येताना साबुदाणा वडा खायचा आणि आईला सांगायचं नाही. असा तो दिवस.

२०१४ साली 'जीवन प्रमाण' ही सरकारी डिजिटल सोय आली. आधार क्रमांक द्या, बोट टेकवा, दाखला तयार. बाबांची दहाही बोटं टेकवून झाली, टेबलावरचं ते छोटं यंत्र काही दाद देईना. डॉक्टर म्हणाले, वयाने कातडी सुकते, रेषा पुसट होतात. बाबांना हे मान्य नाही. तीस वर्षं शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, उचलले, रेषा त्यात झिजल्या, असं त्यांचं म्हणणं. (खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. त्यामुळे आरशातलं मराठी बाबा आजही आपल्या-तुपल्यासारखं सरळ वाचतात.)

२०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. फोन म्हणतो डोळे मिचकावा. बाबांनी पहिल्या वेळी फोटोला बसल्यासारखे डोळे ताणून धरले, तिसऱ्या वेळी जमलं. "झालो का जिवंत?" म्हणाले. पाच मिनिटांत काम झालं हे खरंच. फक्त ते आता माझं काम आहे, आणि गेले चार नोव्हेंबर महिने बाबा बँकेत गेलेले नाहीत. त्या खुर्चीतल्या सोबत्याचं काय झालं, ते त्यांना ठाऊक नाही.

म्हणून हा धागा. विज्ञान शाप की वरदान हा निबंध आपण सगळ्यांनी नववीत लिहून टाकलाय, तो परत नको. एवढंच सांगा: तुमच्याकडे काही नवं आलं, तेव्हा कोणाचं काम कोणाच्या गळ्यात पडलं?

—

खिडकी नंबर तीन:

मध्य रेल्वेत ३४ वर्षं बुकिंगला होतो. सुरुवातीला पुठ्ठ्याची तिकिटं, तारखेच्या मशीनमध्ये खटॅक करून द्यायची. मग छापील तिकीट, मग ती कुपनं. आठवतात का, मशीनमध्ये घालून शिक्का मारायची? पावसात भिजली की अख्खं बुकलेट लगदा. पुढे कार्डाची मशीनं आली आणि २०१४ च्या अखेरीस मोबाइलवर तिकीट. त्यात एक गंमत होती. टीसी दिसल्यावर घाईघाईने तिकीट काढता येऊ नये म्हणून रुळांपासून ठराविक अंतरावर असलात तरच ते निघायचं. मग लोक पुलाच्या जिन्यावर उभे राहून चार पावलं मागे, दोन पावलं पुढे करायचे. आम्ही खिडकीतून बघत बसायचो.

रांगा घटल्या, खिडक्याही घटल्या. मी निवृत्त झालो आणि आता त्याच स्टेशनावर कार्डाच्या मशीनपाशी उभा असतो. रेल्वे निवृत्त लोकांना हे काम देते. स्वतःचं कार्ड ठेवायचं, लोकांना तिकिटं काढून द्यायची, सुटतं थोडं कमिशन. "काका, दोन ठाणे रिटर्न." मशीन लोकांनी स्वतः तिकीट काढावं म्हणून बसवलंय, आणि लोक माझ्यासमोर रांग लावतात! म्हणजे काम माझ्याकडून निघून फिरून माझ्याकडेच आलं, फक्त मी काचेच्या आतून बाहेर आलो आणि डोक्यावरचा पंखा गेला.

एक मात्र कबूल करतो. ३४ वर्षं सुट्या पैशांवरून शिव्या खाल्ल्या. यूपीआयने त्या बंद केल्या. त्याबद्दल माझ्याकडून कोणी टीका ऐकणार नाही.

—

वेसावकर:

आमचा बा नाखवा. त्याचा नकाशा डोक्यात होता. मढच्या किल्ल्याची खूण आणि मागचा डोंगर एका रेषेत आले की इथे खडक, जाळं फाटेल. पाण्याचा रंग, उधाण (मोठी भरती) की भांग (छोटी भरती), वारा कुठला, यावर सगळं चालायचं. बोंबलाची डोल (पिशवीसारखं जाळं) लावायची तर पाण्याच्या ओढीचं गणित चुकून चालत नाही. मी त्याच्याबरोबर जायला लागलो तेव्हा जीपीएस आलं होतं, मग मासा दाखवणारं यंत्र आलं, खाली कुठे थवा आहे ते पडद्यावर रंगात दिसतं. हैदराबादच्या संस्थेकडून म्हावरं कुठे मिळेल त्याचे अंदाज येतात, उपग्रहावरून पाण्याचं तापमान वगैरे पाहून. बा पहिल्यांदा म्हणाला, "हैदराबादेत दर्या कुठला?"

वादळाची सूचना वेळेवर मिळते, याला तोड नाही. पूर्वी रेडिओ लावून बसायचो, आता आधीच फोन वाजतो. त्याबद्दल मी बालाही बोलू देत नाही.

पण यंत्र मला दिसतं तसं सगळ्यांना दिसतं. मोठे ट्रॉलर त्याच थव्यावर येतात. प्रखर एलईडी लावून मासा ओढायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, रात्री मात्र समुद्रावर दिवाळी दिसते ती दिसतेच. बाची खडकाची खूण फक्त आमच्या घरात होती, ती कोणी विकत घेऊ शकत नव्हतं. आता माझ्या पोराला ती शिकवावी का, हा प्रश्न आहे. तो म्हणतो, पिन टाकून ठेव ना पप्पा.

—

ऐकणारा मुलगा:

सगळे नाराजीचे सूर आहेत म्हणून लिहितो. माझे आईवडील दोघेही कर्णबधिर. लहानपणी घरात फोन आला तो माझ्यासाठी आला, म्हणजे सात वर्षांचा मी घरातला फोन होतो. डॉक्टर, गॅसवाला, आत्याच्या नवऱ्याचं भांडण, सगळं मी बोलायचो. दहाव्याच्या निरोपाला कोणत्या शब्दांत 'वाईट वाटलं' म्हणायचं, हे मी चौथीत शिकलो.

व्हिडिओ कॉल आला आणि आईबाबांना पहिल्यांदा टेलिफोन मिळाला. आई आता मावशीशी खुणांनी तास तास बोलते. दादर स्टेशनवर संध्याकाळी बाबांच्या मित्रांचा घोळका असतो, त्यातले अर्धे हातात फोन धरून तिकडे नसलेल्यांशी बोलत असतात. प्लॅटफॉर्मवरच्या गोंगाटाचा त्यांच्या गप्पांवर काडीचा परिणाम नाही.

माझं काम गेलं. मी सुटलो. आणि खरं सांगायचं तर आई मला हल्ली पूर्वीइतकं काही सांगत नाही, तेही बरंच आहे.

—

मुलुंडची मावशी:

लिहू की नको असं चालू होतं. मी एम. ए. आहे, शाळेत शिकवलंय, तरी फसले. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे चौकीसारखी भिंत. तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, त्यात अमली पदार्थ, तुम्ही 'डिजिटल अरेस्ट'मध्ये आहात, कॅमेरा बंद करायचा नाही, कोणाला सांगायचं नाही. दीड दिवस मी घरात, फोन भांड्यांच्या कपाटाला टेकवून. स्वयंपाक करतानासुद्धा 'सर, कुकर लावते' असं विचारत होते. हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.

एफडी मोडायला बँकेत पाठवलं त्यांनी. काउंटरवरच्या मुलीने नेहमीसारखा फॉर्म घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच विचारलं, "काकू, घरी सगळं ठीक ना? कोणी फोनवर आहे का?" मी रडायलाच लागले. तिने माझ्या पर्समधला चालू फोन काढून बंद केला.

डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाहीच, हे मला त्या दिवशी कळलं. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच, अगदी तासाभरात फोन करायचा, म्हणजे पुढच्या खात्यातून निघायच्या आत रक्कम थांबवता येते. माझे गेले नाहीत. पण एफडी मोबाइलवरून मोडायला मला येत असतं, तर गेले असते. मुलगा तीन वर्षं पाठी लागला होता, आई नेट बँकिंग शीक. माझा आळस कामाला आला. आता तो शीक म्हणत नाही.

—

सबटायटलवाली:

मी मालिका-सिनेमांची सबटायटलं मराठीत करते. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं, आणि बघता बघता माझ्या एजन्सीची भाषा बदलली. 'भाषांतर' हा शब्द गेला, 'फक्त तपासून द्या' आलं. दर निम्मा. यंत्र पहिला खर्डा काढतं, मी हमालासारखी त्यातले दगड वेचते.

सरसकट वाईट नाही हं. सोपी वाक्यं चोख येतात, माझ्यापेक्षा कमी कंटाळून. अडतं कुठे, तर नात्यांत. इंग्रजीत 'कझिन' आला की ते प्रत्येकाला 'चुलत भाऊ' करतं. एका सिनेमात घरचे मुलीचं लग्न कझिनशी लावू पाहतात. चुलत म्हटलं तर आपल्याकडचा प्रेक्षक खुर्चीतून उठेल. आतेभाऊ म्हटलं की गोष्ट बसते, कारण मामाची मुलगी करायची चाल आपल्याला माहीत आहे. तीच गत 'यू'ची. बाप मुलाला 'आपण जेवलात का' विचारतो, आणि नवरा-बायकोचं भांडण 'तुम्ही'वरून 'तू'वर घसरतं ते नेमकं कोणत्या वाक्याला, ते मलाच ठरवावं लागतं. एकदा तर आवाजावरून उतरवलेल्या मजकुरात कोळ्याच्या तोंडी 'दर्या'च्या जागी 'दऱ्या' आल्या. (वेसावकर, हसू नका.)

या वेचण्याचे पैसे कुठल्या रकान्यात धरायचे, यावर एजन्सीशी वाद चालू आहे. 'तपासणी'चा रकाना आहे, 'विचार करणे'चा नाही.

—

भांडुपची ताई:

लेकीच्या फोनमध्ये बोलून लिहितेय, चुकलं तर समजून घ्या. मी पाच घरी काम करते, दोन टॉवरमध्ये. आधी वॉचमनच्या वहीत सही होती. आता गेटवर नंबर टाकायचा, की वरती सगळ्या मॅडमना कळतं मी आत आले. पहिल्या घरी भांडी जास्त असली, वीस मिनिटं उशीर झाला, की दुसऱ्या मॅडम म्हणतात, अॅपमध्ये तर तू साडेआठलाच आलीस, कुठे होतीस? आणि आम्हाला तारे देतात. आम्ही मॅडमना द्यायचे तारे कुठे असतात ते लेकीने शोधलं, नाहीत.

पण मला पगाराचं सांगायचंय. आधी पगार हातात यायचा. पाच घरचे पैसे, त्यातले थोडे तांदळाच्या डब्यात, थोडे ह्यांच्या हातावर. किती तांदळात ते मला माहीत. आता कोणाकडे रोकड नसते, मॅडम म्हणतात नंबर दे. नंबर ह्यांचा, खातं ह्यांचं. एक तारखेला ह्यांचा फोन पाच वेळा टिंग वाजतो, आणि मी भांडी घासत असते. भाजीलासुद्धा मागून घ्यावे लागतात. चाळकरीण ताई, कोणाचं काम कोणाकडे गेलं विचारलंत. माझं काम माझ्याकडेच आहे.

—

सबटायटलवाली:

ताई, हे वाचून मी गप्प झाले. आमच्याकडच्या ताईंचे पैसे मीपण 'नंबर द्या' म्हणूनच पाठवते. कोणाचा नंबर, कधी विचारलं नाही.

—

खिडकी नंबर तीन:

ताई, तुमच्या स्वतःच्या नावाचं खातं काढा, अवघड नाही. जनधन खातं म्हणतात, २०१४ पासून आहे, त्यात पैसे ठेवावेच लागतील अशी अट नाही. आधार न्या. पॅन नसेल तर फॉर्म ६० भरून देतात, बँकेतच मिळतो. दोन फोटो ठेवा जवळ. महत्त्वाचं म्हणजे खात्याला मोबाइल नंबर तुमच्या नावावरच्या सिमचा द्या, लेकीचा नको, ह्यांचा तर नकोच. साधा बटणांचा फोन असला तरी चालेल, टिंग तिथे वाजेल. सकाळी जा, दुपारी गर्दी असते. फॉर्म भरायला कोणी नसेल तर सांगा, माझी पाळी दोनला सुरू होते.

—

चाळकरीण:

काका, बाबांना तुमच्या मशीनपाशी आणते एकदा. तिकीट माझ्या मोबाइलवर निघतं, पण त्यांना रांगेत उभं राहून कोणाशी तरी बोलायचंय. आणि ताई, काय झालं ते इथे कळवा.

—

भांडुपची ताई:

सिम आहे माझं, गावाला जाताना घेतलेलं, डब्यात पडलंय. उद्या सकाळचं पहिलं घर सोडून जाते बँकेत. गेटवर आली नाही दाखवेल. दाखवू दे.