शब्दचर्चा: दाढ ‘एच’ करतात म्हणजे नक्की काय करतात?

शाईची दौत
एका शाळेतल्या दंततपासणीसाठी पालकांना द्यायचं एकपानी पत्रक मराठीत करते आहे. विषय सीलंटचा, म्हणजे कीड लागू नये म्हणून दाढेवर देतात त्या पातळ लेपाचा. मूळ वाक्याचा आशय एवढाच, की दाढेचं एनॅमल, म्हणजे वरचा कठीण थर, आधी स्वच्छ करतील, मग एच करतील, धुऊन कोरडं करतील आणि त्यावर सीलंट लावतील. माझा पहिला मसुदा असा होता: ‘दंतवल्काचे आम्लकोरण करून रंध्रलेपन करण्यात येईल.’ शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, “कुठल्या देवळाचा जीर्णोद्धार काढलायत?”

तर मंडळी, एनॅमल, एचिंग, सीलंट आणि ‘पिट्स अँड फिशर्स’ या चौघांना मराठीत काय म्हणू? वाचणारी आई रात्री भांडी आवरून पत्रक हातात घेणार आहे, हे धरून सांगा.

वल्कलधारी
दंतवल्क शब्द चांगला आहे हो. वल्क म्हणजे झाडाची साल, त्यातलंच वल्कल. फक्त उपमा अर्ध्यावर सुटते. सालीची जखम झाड हळूहळू भरून काढतं. दाताचा हा थर एकदा घडला की तो पुन्हा घडत नाही. शिवाय वजनाने सुमारे 96 टक्के खनिज आहे, सालीसारखं त्यात काही नाही. पत्रकात ‘दाताचं कवच’ लिहा.

एचिंगला चित्रकलेत ‘अम्लरेखन’ म्हणतात. तिथे खरंच रेघ उमटवायची असते. दाढेवर कोण कसली रेघ काढणार?

खडीसाखर
पिट्स अँड फिशर्ससाठी शब्द कसले घडवता? खाचखळगे! फिशर म्हणजे खाच, पिट म्हणजे खळगा. जोडशब्द आयता आहे, फक्त आजवर रस्त्यांसाठी राखून ठेवलाय.

शाईची दौत
खडीसाखर, साष्टांग नमस्कार. ‘दाढेवरचे खाचखळगे’ पत्रकात गेलं.

कैरीची फोड
एचिंगला ‘आंबवणे’ कसं वाटतं? कैरी-चिंच खाल्ली की दात आंबतात, तसं.

पटाशी
मी लहान मुलांचे दात बघते, म्हणजे पोटापाण्याचा धंदाच तो. ‘आंबवणे’ नको. एक तर आईला डोशाचं पीठ आठवेल. दुसरं म्हणजे दात आंबणं ही कळ आहे, मुलाला ती जाणवते. एचिंगमध्ये चांगल्या दाढेला काही जाणवत नाही. चुकून जिभेवर थेंब गेला तर आंबट लागतं, तेवढंच.

काय करतो ते सांगते, शब्द तुम्ही शोधा. दाढ ब्रशने घासून घेतो. तेलकट पेस्ट वापरत नाही, कारण तेलाचा पापुद्रा राहिला की पुढचं सगळं वाया. मग फॉस्फोरिक ॲसिडची जेल, साधारण 37 टक्क्यांची, बहुतेक वेळा निळी. ती खाचांत आणि थोडी वर उतारांवरही लावायची, म्हणजे सीलंटची कड कोऱ्या जागेवर येत नाही. 15 ते 30 सेकंद थांबायचं, भरपूर पाण्याने धुवायचं, हवेने कोरडं करायचं. त्या वेळी तुकतुकीत दाढ खडूसारखी पांढरी दिसली पाहिजे. नाही दिसली तर पुन्हा जेल. ॲसिडने वरचे काही मायक्रॉन जातात आणि खाली बारीक बारीक भोकं पडतात. पातळ रेझीन, म्हणजे सीलंटच, त्यांत उतरतं आणि निळ्या प्रकाशाखाली घट्ट होतं. म्हणजे ते चिकटवलेलं नसतं, रुतलेलं असतं.

खडीसाखर
खडूसारखी नको. ‘दुधी काचेसारखी’! बाथरूमच्या खिडकीला असते ती.

पटाशी
उपमा अगदी बरोबर. पण ‘दाढ दुधी दिसते’ असं छापलंत, तर आई विचारणार, दुधाचीच आहे तर पडेल ना, लेप कशाला? खरा घोळ तिथेच आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी पहिली कायमची दाढ कुठलाही दात न पाडता मागच्या मोकळ्या जागेत गुपचूप उगवते. पालकांना ती दुधाचीच वाटते. अक्कलदाढेला आपण नाव दिलं, हिला दिलं नाही. आणि किडते ही आधी.

वल्कलधारी
‘सहा वर्षांची दाढ’ म्हणा. मधल्या बाळाचं असंच होतं, नाव ठेवायचं राहून जातं.

रंगाऱ्याचा पोर
पटाशीताईंनी जे सांगितलं ते आमच्या घरी रोज चालायचं. जुन्या ऑइलपेंटच्या दरवाजावर नवा हात मारायचा, तर बाबा आधी पॉलिश पेपरने घासायला लावायचे. चकाकी गेली पाहिजे. मी कंटाळून कोपरे सोडायचो. वर्षभराने रंगाचे पापुद्रे सुटायचे ते नेमके त्याच कोपऱ्यांत. बाबा नखाने पापुद्रा उचलून दाखवायचे आणि म्हणायचे, “इथे धर नाही आला.”

गवंडीही गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा करण्याआधी टाकी मारून घेतात. पाट्याला टाकी लावतात तशीच. म्हणून माझं मत ‘टाकी लावणे’ला. आणि सीलंटला ‘लांबी’. लाकडाच्या भेगा आम्ही लांबीनेच भरतो.

कैरीची फोड
‘तुमच्या मुलाच्या दाढेला लांबी लावू.’ दात वाढणार की काय!

पटाशी
टाकी म्हटल्यावर छिन्नी-हातोडा डोळ्यांपुढे येतो, आणि पोरं तर ड्रिलच्या नुसत्या आवाजानेही खुर्चीतून उतरतात. पण रंगाऱ्याचा पोर, तुम्ही नकळत मूळ जागी गेलात. ही युक्ती आली रंगकामातूनच. धातूवर रंग धरावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक ॲसिड वापरत. ते बघून अमेरिकेत रोचेस्टरच्या मायकेल ब्युनोकोर या दंतवैद्यांनी ते दातांवर करून पाहिलं आणि 1955 साली शोधनिबंध लिहिला. त्यांचं ॲसिड 85 टक्के होतं, वेळ 30 सेकंद. आजचं त्यामानाने पुष्कळच सौम्य.

‘लांबी’ आणखी एका कारणाने नको. भेग भरणं म्हटलं की लोकांना ‘सिमेंट भरणं’ किंवा ‘चांदी भरणं’ आठवतं. ते कीड कोरून काढल्यावर. हा कीड लागण्याआधीचा पातळ लेप आहे. ‘किडली नाही, मग भरता कशाला?’ या प्रश्नात माझी निम्मी दुपार जाते.

शाईची दौत
मग ‘धर’ कसा? ‘दाढेला धर आणणे’. कोरणं नाही, खरवडणं नाही, टाकी नाही. कृती बाजूला राहते आणि ती कशासाठी केली तेवढं कळतं.

वल्कलधारी
‘मातीला धर नाही’ म्हणतोच की आपण. चालेल. माझा शब्दकोश मिटला.

खडीसाखर
‘ॲसिड’ लिहिणार का? घरात ॲसिड म्हणजे संडास साफ करायचं.

शाईची दौत
लपवणार नाही. ‘सौम्य आम्लाची जेल’ लिहिते. आम्ल म्हटलं की शाळेतला लिटमस आठवतो, बाटलीवरची कवटी नाही आठवत.

पटाशी
एक गोष्ट मात्र पत्रकात हवीच. कोरड्या झालेल्या दाढेला लाळ लागली की खेळ संपला. त्या बारीक भोकांत लाळेचा थर बसतो आणि रेझीन आत शिरत नाही. मग पुन्हा जेल, पुन्हा धुणं. म्हणून गालाशी कापसाचे बोळे, लाळ ओढणारी नळी, कधी रबराचा पडदा. अर्धवट उगवलेल्या दाढेवर हिरडीची झालर असते, तिथे कोरडं राखणं जमतच नाही. अशा वेळी ओल सहन करणारं ग्लास आयोनोमर तात्पुरतं लावतो आणि दाढ पूर्ण वर येण्याची वाट बघतो.

आमची मदतनीस याला एकच शब्द वापरते. बोळा भिजून लाळ पोचली की ती ओरडते, “मॅडम, दाढ उष्टी झाली!”

रंगाऱ्याचा पोर
उष्टी! म्हणजे लेप लागेपर्यंत दाढ सोवळ्यात.

शाईची दौत
मसुदा दुसरा, वाचून बघा:

‘सहा वर्षांच्या दाढेवरच्या खाचखळग्यांत अन्न अडकतं, ब्रशचा केसही तिथे पोचत नाही. म्हणून कीड लागण्याआधीच त्यांवर पातळ लेप देऊ. लेप टिकावा म्हणून दाढ घासून, सौम्य आम्लाची जेल अर्धा मिनिटभर लावून तिला धर आणू. दाढ कोरली जाणार नाही. दुखणार नाही. कोरडी केल्यावर मात्र लेप बसेपर्यंत तिला जीभ लावायची नाही, नाहीतर ती उष्टी होते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. हे मुलाला घरीच सांगून ठेवा.’

पटाशी
‘उष्टी’ खोडू नका. शेवटचं वाक्य ठळक छापा. आणि मुलांना घरून पोटभर खाऊन पाठवा म्हणावं, भुकेलं पोर तोंड उघडं ठेवत नाही.