पिक्चर लागतो, येतो की पडतो?

नौपाडा:
रविवारी ठाण्याच्या तलावपाळीवर आमचा नेहमीचा कट्टा बसला होता. चौघं पन्नाशीपुढचे आणि माझी एकोणीस वर्षांची भाची. काय पाहिलं, काय राहिलं, असं चाललं होतं. एका नव्या पिक्चरचा विषय निघाला तशी भाची म्हणाली, "मामा, तो तर शुक्रवारी रात्री बारालाच पडला." मी मनापासून हळहळलो. "अरेरे! पण लागला कधी होता?" तिला माझा प्रश्न कळेना आणि मला तिचं हसू. तिच्या लेखी 'पडला' म्हणजे मोबाईलवर बघायला मिळू लागला. आमच्या लेखी 'पडला' म्हणजे निर्मात्याने कपाळाला हात लावला.
तर दोन प्रश्न. 'पिक्चर लागणे' यातलं 'लागणे' आलं कुठून? आणि ओटीटीवरच्या पिक्चरला ते का चिकटत नाही? 'प्राइमवर लागलाय' असं मी म्हणून पाहिलं, माझ्याच कानाला खटकलं.

कोपरी:
हिंदीतून आलंय. 'पिक्चर लगी है'. एवढं सोपं आहे.

पाचपाखाडी:
सोपं नाही हो. हिंदीत पिक्चर लागते, आपल्याकडे लागतो. हिंदीवाल्यांची पिक्चर बाई, आपला बाप्या. जसंच्या तसं उचललं असतं तर 'चांगली पिक्चर लागलीये' म्हणालो असतो (हल्ली काही पोरं म्हणतातही, ते सोडा). शिवाय मराठीत हे क्रियापद काय पिक्चरपुरतं आहे का? निकाल लागतो, यादी लागते, गडकरी रंगायतनला नाटक लागतं. ठाणे स्टेशनात दहा नंबरला पनवेल लागते. सगळीकडे अर्थ एकच, ठरलेल्या जागी येऊन उभी राहिली, आता ज्याला यायचं त्याने यावं.

ऐरोली:
मला कसारा घाटात एसटी लागते. ती पण ठरलेल्या जागीच.

पाचपाखाडी:
ऐरोलीकर, लिंबू ठेवत जा खिशात.

वाशी:
माझे वडील ठाण्यात एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आमच्या घरात 'लागणे'पेक्षा 'लावणे' जास्त ऐकू यायचं. "आज नवा लावायचाय, लवकर जातो." पिक्चर डब्यांतून यायचा. दोन हजार फुटांचं एक रीळ साधारण वीस-बावीस मिनिटं चालतं, म्हणजे मोठ्या हिंदी पिक्चरची सात-आठ रिळं सहज. प्रोजेक्टर दोन. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला एक ठिपका क्षणभर चमकायचा. प्रेक्षकांना तो दिसत नसे, वडिलांचं मात्र सगळं आयुष्य त्या ठिपक्याकडे बघण्यात गेलं. ठिपका दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं, पुन्हा दिसला की या मशीनवरून त्या मशीनवर उडी. चुकलं की खाली शिट्ट्या.
वडील 'लावायचे', म्हणून लोकांसाठी तो 'लागायचा'. दिवा कोणी लावला की दिवा लागतो, त्यातलंच हे. मला वाटतं तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. 'लागला' म्हणताना लावणारा दुसरा कोणीतरी असतो आणि आपण नुसते तिथे जातो. टीव्हीवरही तसंच. मुंबई दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी पिक्चर लागायचा, आपण शेजाऱ्यांकडे चटईवर. आता रिमोट तुमच्याच हातात. तुम्ही स्वतः लावता. जे स्वतः लावलं ते 'लागलं' कसं म्हणणार?

नौपाडा:
वाशीकर, हे पटलं. घरात "बाबा, काय लावलंय?" असंच विचारतात, "काय लागलंय?" असं नाही. केबलवर काही असलं तर मात्र आई अजून म्हणते, "झी टॉकीजवर अमुक लागलाय." रिमोट तिच्याच हातात, पण पिक्चर तिने निवडलेला नाही.

कोपरी:
बरं, हिंदीचं मागे घेतो. पण 'टॉकीज' शब्दाकडे बघा. टॉकी म्हणजे बोलणारा पिक्चर. 'आलम आरा' १९३१चा, आणि पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा', आपला पहिला मराठी बोलपट. मग ते नाव पिक्चरवरून इमारतीवर कसं गेलं? ठाण्यात आम्ही 'वंदना टॉकीज' म्हणायचो, 'मल्हार सिनेमा' म्हणायचो. दोन्ही शब्द मूळचे पिक्चरचे, चिकटले भिंतींना. आणि आज रिक्षात बसून नुसतं 'वंदना' म्हटलं की तो एसटीच्या स्टँडवर नेतो.

पाचपाखाडी:
उलटही होतं. 'मूकपट' घ्या. १९१३ साली गिरगावात कॉरोनेशनला 'राजा हरिश्चंद्र' बघायला गेलेला माणूस त्याला मूकपट कशाला म्हणेल? मुक्याला मुका म्हणायला आधी कोणी बोलणारा लागतो. बोलपट आला आणि आधीचे सगळे एका रात्रीत मूकपट झाले. 'एकपडदा चित्रगृह' हा पेपरातला शब्दही असाच, मल्टिप्लेक्स आल्यावरचा. आम्ही जायचो तेव्हा ते नुसतं थेटर होतं.
'चित्रपट' त्या मानाने नशीबवान. पट म्हणजे कापड, चित्र काढलेलं. पिंगुळीचे चित्रकथी चित्रं दाखवत गोष्ट सांगतात, त्याच्या फार जवळचा शब्द. सिनेमाचा पडदाही कापडाचाच, त्यामुळे फिट्ट बसला. बोलताना कोणी म्हणत नाही हे मात्र खरं. "चल, चित्रपट बघायला जाऊ" म्हटलं तर समोरच्याला वाटेल की आपण निबंध लिहितोय.

ऐरोली:
मी पंचविशीतली आहे, 'पडला'ची बाजू घेते. पगार पडतो ना खात्यात? तसाच ट्रेलर पडतो, एपिसोड पडतो. रात्री झोपलो तेव्हा नव्हता, सकाळी उठलो तर आहे. रांग नाही, तिकीट नाही, लावणारे काका नाहीत. त्याला 'लागला' म्हणणंच मला विचित्र वाटतं. आणि जो चालत नाही त्याला आम्ही 'आपटला' म्हणतो, त्यामुळे आमच्यात घोटाळा होत नाही. घोटाळा फक्त मामा लोकांचा.

नौपाडा:
मामा लोकांनी नोंद घेतली. पण एक विचारतो. हल्ली जुने पिक्चर मल्टिप्लेक्समध्ये पुन्हा आणतात. त्याला तुम्ही काय म्हणता? पेपरात 'पुनर्प्रदर्शित' असतं, ते जिभेवर बसत नाही.

ऐरोली:
"परत लागलाय." हो, तिथे 'लागलाय'च. आता लिहिताना लक्षात आलं.

कोपरी:
आणि जाणारा पिक्चर 'उतरतो', हे कोणीच लिहिलं नाही. आमच्या लहानपणी गुरुवारी रात्री शिडी आणि खळीची बादली घेऊन एक माणूस यायचा. जुनं पोस्टर तो कधीच पूर्ण काढत नसे, त्याच्यावरच नवं चिकटवायचा. पावसाळ्यात कोपरा सुटला की नव्या हिरोच्या खांद्यामागून मागच्या महिन्यातली हिरॉइन डोकवायची. आम्ही शाळेतून येताना तिथे थांबून बोली लावायचो, हा किती आठवडे टिकेल. उतरला की पैज संपली. दादा कोंडक्यांच्या पिक्चरवर मात्र कोणी पैज घेत नसे. ते पंचवीस आठवडे गेल्याशिवाय उतरायचेच नाहीत.

वाशी:
उतरलेली रिळं पुन्हा डब्यांत भरायचं कामही वडिलांचंच असायचं. त्याला ते 'गुंडाळणे' म्हणायचे. "आज गुंडाळलं" म्हटलं की आई विचारायची, "मग उद्या कुठला?"

ऐरोली:
'गाशा गुंडाळणे'मधलंच ना हे गुंडाळणे? काका, वडील अजून कुठकुठले शब्द वापरायचे? लिहा ना.

वाशी:
लिहितो. रात्री.