मदत हवी आहे: 'कार वॉश'च्या एलपीवरून रेकॉर्डिंग करताना टाळ्या बोथट होतात

मंडळी, 'कार वॉश' (१९७६) या लॉस एंजेलिसमधल्या गाड्या धुण्याच्या केंद्रावरच्या विनोदी चित्रपटाचा डबल एलपी (दोन तबकड्यांची रेकॉर्ड) डिजिटल करायचा आहे. संगीत नॉर्मन व्हिटफील्ड, बँड रोझ रॉइस. शीर्षकगीत जानेवारी १९७७ मध्ये बिलबोर्ड या अमेरिकन गाण्यांच्या क्रमवारीत पहिलं आलं होतं, त्यामुळे त्याची सुरुवात तरी नीट उतरायलाच हवी!

आणि अडचण नेमकी तिथेच आहे. गाणं टाळ्यांनी सुरू होतं. क्लिक रिमूव्हल (ओरखड्यांचे टिकटिक आवाज काढणारी सोय) लावलं की सॉफ्टवेअर टाळीची धारदार सुरुवात ओरखडा समजून कापतं. 'टप्प'चं 'थप' होतं. सेन्सिटिव्हिटी कमी केली तर टाळ्या वाचतात, पण खरखर राहते.

सेटिंग असं: रेकॉर्ड ओली साफ केलेली, सुईचा भार २ ग्रॅम, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, पीक उणे ६ डेसिबल.

ओरखडा जेमतेम एखादा मिलिसेकंद टिकतो आणि बहुधा दोन्ही चॅनलमध्ये सारखा नसतो. टाळीचा नाद त्याहून बराच लांबतो. मग मिड-साइड (दोन्ही चॅनलमधला सामाईक आवाज आणि त्यांच्यातला फरक) वेगळं करून फक्त साइडवर क्लिक रिमूव्हल चालवलं तर टाळ्या शाबूत राहतील का? की पहिली काही सेकंदं वेव्हफॉर्म मोठा करून एकेक क्लिक हाताने काढणंच बरं? मला दुसराच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो, पण चार बाजू तशा करणं अवघड आहे.

शिवाय लेबलजवळच्या गाण्यांत 'स' फाटतो. लंबवर्तुळाकार सुईऐवजी मायक्रोलाइन (जास्त बारीक टोकाची सुई) लावून कुणाला फरक जाणवलाय का?