कोलोनोस्कोपीचा खर्च मेडिक्लेममधून मिळतो का?

प्रश्न – नाशिककर
वडिलांचे वय ५८ आहे. महिनाभर शौचावाटे रक्त जात असल्यामुळे पोटविकारतज्ज्ञांनी त्यांना कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करण्यास सांगितले आहे. रुग्णालयाने भूलतज्ज्ञांच्या शुल्कासह १४,००० रुपयांचा अंदाज दिला असून बायोप्सी घ्यावी लागल्यास तिचे पैसे वेगळे पडतील. आमची ५ लाखांची फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबासाठी एकत्र विमा रक्कम असलेली) पॉलिसी चौथ्या वर्षात आहे. टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) कक्षात ‘ही तपासणी आहे, कॅशलेस होणार नाही’ असे उत्तर मिळाले; तिथल्याच एका कर्मचाऱ्याने मात्र २४ तास दाखल केल्यास दावा मंजूर होईल असे सुचवले. यातले खरे काय समजावे?

उत्तर १ – दावेदफ्तर
दाखल करण्याचा सल्ला कृपया मानू नका. केवळ निदानासाठी रुग्णालयात दाखल झाल्यास तो खर्च मिळत नाही, असे आयआरडीएआयने (विमा क्षेत्राच्या नियामकाने) ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांमध्येच म्हटले आहे. त्यामुळे दावा तर फेटाळला जाईलच, शिवाय खोलीचे भाडेही अंगावर पडेल.

परंतु तपासणीत पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावरची गाठीसारखी वाढ) आढळला आणि डॉक्टरांनी तो त्याच वेळी काढला, तर ते उपचार ठरतात. पॉलिपेक्टोमी, म्हणजे पॉलिप काढणे, अनेक पॉलिसींच्या डे-केअर (२४ तासांच्या आत होणाऱ्या उपचारांच्या) यादीत असते आणि डे-केअरला २४ तास दाखल राहण्याची अट नसते. म्हणून नुसत्या तपासणीचा आणि पॉलिप काढावा लागल्यास होणाऱ्या खर्चाचा, असे दोन लेखी अंदाज आधीच मागून घ्या, आणि पॉलिप काढल्याची नोंद डिस्चार्ज समरीत स्पष्ट शब्दांत आहे का, हे घरी निघण्यापूर्वी पाहा. रक्त जाण्याचे कारण मूळव्याध किंवा भगंदर निघाले, तर त्यांना सहसा २ वर्षांचा प्रतीक्षा काळ (ज्या काळात त्या आजाराचा दावा मिळत नाही) असतो; तो तुमच्या बाबतीत उलटून गेला आहे.

उत्तर २ – सासवडची सून
माझ्या आत्यांच्या कोलोनोस्कोपीचे पैसे आम्ही खिशातून भरले होते. तीन आठवड्यांनी त्यांच्या आतड्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा दाखल होण्यापूर्वीचा खर्च म्हणून तेच बिल, बायोप्सीसह, मंजूर झाले. ही मुदत पॉलिसीनुसार बहुधा ३० किंवा ६० दिवसांची असते आणि ती दाखल होण्याच्या तारखेपासून मागे मोजतात. आजार मात्र तोच असावा लागतो. मूळ बिले, डॉक्टरांची चिठ्ठी आणि अहवाल जपून ठेवा. आम्ही चिठ्ठी हरवली होती आणि ती पुन्हा मिळवताना नाकी नऊ आले.

उत्तर ३ – पेठेतला
पॉलिसीत ओपीडीचे संरक्षण असेल, तर नुसत्या तपासणीचा खर्चही त्यातून मिळू शकतो. बहुतेकांच्या पॉलिसीत ते नसते. पॉलिप काढूनही दावा फेटाळला, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते.

नाशिककर
आपणा सर्वांचे आभार. आमच्या पॉलिसीच्या डे-केअर यादीत पॉलिपेक्टोमी सापडली. तपासणी सोमवारी बाह्यरुग्ण म्हणूनच करत आहोत. दुसरा अंदाज आज लेखी मागितला आहे.