किडनीदाता : भावाला विचारायचं तरी कसं?

नमस्कार. इथे नेहमी वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मला पॉलिसिस्टिक किडनीचा आजार आहे, म्हणजे दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी वाढत जातात. आईकडून आलेला. ईजीएफआर (किडनी किती काम करतेय त्याचा आकडा) १३ वर आलाय. डायलिसिस अजून सुरू नाही, पण डाव्या हातात फिस्टुला करून ठेवलाय, म्हणजे डायलिसिससाठी शीर धमनीला जोडून ठेवलीय, कारण ती शीर सुईसाठी तयार व्हायला वेळ लागतो. डॉक्टरांचं म्हणणं, जिवंत दाता मिळाला तर डायलिसिस टाळूनच प्रत्यारोपण करता येईल आणि तशी किडनी सरासरी जास्त वर्षं चालते. मृत दात्यांच्या यादीत नाव आहेच.

आता घोडं कुठे अडलंय ते सांगते. आईवडिलांपैकी एकाला हा आजार असला तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. इतरांना दाता म्हणून सख्खी भावंडं आधी आठवतात. आमच्यात आधी त्यांचीच सोनोग्राफी करावी लागते. ताई मला द्यायची म्हणून तपासायला गेली आणि स्वतःच्याच गाठी कळून परत आली. तेव्हापासून मी घरात हा विषय काढलेला नाही. मामे-मावस भावंडांनाही तीच टांगती तलवार. आतेबहिणींना या आजाराची भीती नाही, पण एकीला मधुमेह, दुसरीला बीपी.

नवरा पहिल्या दिवसापासून तयार आहे. पण त्याचा रक्तगट बी, माझा ओ, आणि ओ गटाला सहसा ओचीच किडनी चालते. शिवाय दोन बाळंतपणांमुळे माझ्या रक्तात नेमक्या त्याच्याच विरुद्ध अँटीबॉडीज असू शकतात म्हणे. (लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे रिपोर्टात येणार म्हटल्यावर तो पोट धरून हसला.)

राहिला धाकटा भाऊ. वय ४३, रक्तगट ओ, सोनोग्राफी स्वच्छ. या वयात गाठी नाहीत म्हणजे आजार नाही, असं डॉक्टर म्हणाले. सोनोग्राफी त्याने आपणहून केली, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, खाली एक अंगठा. पुढे अवाक्षर नाही. परवा आला होता तेव्हा माझ्या फिस्टुलावर बोटं ठेवली. आतली थरथर जाणवली तसा हात झटकन मागे घेतला. "कायम असंच होतं?" म्हणाला. हो म्हटलं. मग मुलांच्या परीक्षांवर बोललो.

भावजय घाबरलीय हे दिसतं आणि मला तिचा राग येत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. भाऊ एक, बहिणी दोन, आणि देता येणारी किडनी एकच. उद्या ताईवर वेळ आली तर? हे त्याच्याही मनात असणार. ताईच्याही. तिघंही गप्प आहोत.

विचारावं का? विचारायचं तर त्याला 'नाही' म्हणायची वाट मोकळी ठेवून कसं? ज्यांनी दिलीय किंवा घेतलीय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद :
मी दाता आहे, बहिणीला दिली. "देशील का?" असं विचारूच नका. परिस्थिती सांगा, प्रत्यारोपण समन्वयकाचा नंबर द्या आणि "त्यांच्याशी काय बोललास ते मला सांगू नकोस" एवढं म्हणा. डॉक्टर दात्याशी एकट्याशीच बोलतात, घरच्यांसमोर नाही. त्याने माघार घेतली तर बऱ्याच ठिकाणी घरच्यांना फक्त "दाता म्हणून योग्य नाही" एवढंच कळवतात, कारण सांगत नाहीत. मला ही सोय आहे हे कळलं तेव्हाच मोकळेपणाने विचार करता आला.

भावजयीलाही सोबत न्या. दात्याच्या मृत्यूचा धोका दहा हजारांत साधारण तीन, हा आकडा तिने डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेला बरा. माझी डावी किडनी दुर्बिणीने काढली. थकवा मात्र वाटला होता त्यापेक्षा बराच जास्त टिकला, हे कुणी आधी सांगत नाही. आता दरवर्षी बीपी, लघवी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कळायची रक्ततपासणी) तपासतो.

ताईंचं म्हणाल तर गाठी असलेल्या सगळ्यांचीच किडनी निकामी होत नाही, काहींची सत्तरीपर्यंत चालते. ताईंच्या डॉक्टरांना त्यांचा आजार कोणत्या वेगाने वाढतोय ते विचारा. अंदाजावर तिघांनी गप्प बसू नका.

प्रतिसाद :
नवऱ्याला इतक्यात बाद करू नका. क्रॉसमॅच (दोघांचं रक्त एकमेकांशी ताडून बघायची तपासणी) झाल्याशिवाय अँटीबॉडीजचं काही सांगता येत नाही. स्वॅपमध्ये, म्हणजे दात्यांच्या अदलाबदलीत, त्यांची किडनी दुसऱ्या रुग्णाला आणि त्या रुग्णाच्या दात्याची तुम्हाला, असं होतं. पण ओ गटाला जोडी मिळायला वेळ लागतो, कारण ओ गटाचा दाता बहुधा आपल्याच माणसाला देऊन मोकळा होतो. गट न जुळताही प्रत्यारोपण होतं, त्यासाठी आधी प्लाझ्मा बदलून अँटीबॉडीज कमी करतात. आणि धागा वाचून कुणी "दाता मिळवून देतो" असा व्यनि (खाजगी निरोप) केला तर उत्तरसुद्धा देऊ नका. किडनीची खरेदी-विक्री जवळपास सगळ्या जगात गुन्हा आहे.

धागाकर्ती :
दोघांचेही आभार. तसा एक व्यनि आलाच होता, संपादकांना कळवलंय. ताईशी आज बोलले. ती म्हणाली, आधी तुझं बघू, आणि तिच्या पुढच्या तपासणीला मला सोबत बोलावलंय. भावाला समन्वयकांचा नंबर पाठवतेय, वर सुचवलेल्याच शब्दांत. स्वॅपसाठी एक शंका : नाव नोंदवण्याआधी नवऱ्याच्या सगळ्या तपासण्या पूर्ण लागतात, की नोंदणीनंतर केल्या तरी चालतात?