राज्यशास्त्र, सार्वजनिक धोरण की आंतरराष्ट्रीय संबंध: पदवीला नेमकं काय घ्यावं?

रानजाई

पदवीसाठी तीन नावं समोर आहेत: राज्यशास्त्र, सार्वजनिक धोरण, आंतरराष्ट्रीय संबंध. शिवाय तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र असलेला पीपीई हा कोर्सही बऱ्याच ठिकाणी दिसतो. माहितीपत्रकं वाचून फरक कळत नाही. सगळीकडे नेतृत्व, जागतिक दृष्टी, चिकित्सक विचार हेच शब्द. तर प्रश्न असे:

१. वर्गात प्रत्यक्ष शिकवलं जातं त्यात फरक काय?
२. गणित किती लागतं?
३. परकीय भाषा पदवीबरोबर शिकून होते का?
४. पुढे धोरणविश्लेषण किंवा आंतरराष्ट्रीय संस्थेतलं काम करायचं तर पदवीच्या नावाने किती फरक पडतो?

देश ठरलेला नाही. इंग्रजीतून शिकवणारं कुठलंही विद्यापीठ चालेल.

पानगळ

आधी चौथा प्रश्न घेऊ, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. नावाने फारसा फरक पडत नाही. त्या नावाखाली सक्तीचे विषय कोणते आहेत, याने खूप पडतो. एकाच नावाच्या दोन पदव्यांत कधीकधी निम्मे विषयही सारखे नसतात. म्हणून माहितीपत्रक मिटवा आणि त्या कोर्सची वर्षवार विषयांची यादी शोधा. ती बहुतेक विद्यापीठांच्या संकेतस्थळावर असते, फक्त दोनचार पानं आत जावं लागतं.

राज्यशास्त्र ही रुंद शाखा आहे. राजकीय विचार, तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, लोकप्रशासन आणि संशोधनपद्धती हे तिचे मुख्य कप्पे. पहिल्या वर्षी सगळ्यांची तोंडओळख होते, मग एकदोन कप्पे निवडायचे. आपल्याला नेमकं काय आवडतं हे अजून माहीत नसेल तर हीच वाट सगळ्यांत सुरक्षित.

आंतरराष्ट्रीय संबंध हा त्यातलाच एक कप्पा, पुढे वेगळं बिऱ्हाड थाटलेला. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ साली वेल्समधल्या अबेरिस्टविथला या विषयाचा पहिला विद्यापीठ विभाग निघाला. त्याच वर्षी वॉशिंग्टनला जॉर्जटाउन विद्यापीठाची परराष्ट्रसेवा शाळा सुरू झाली. या विषयाचे दोन स्वभाव आजही ओळखू येतात. एका प्रकारच्या कोर्समध्ये युद्ध, सुरक्षा, आंतरराष्ट्रीय कायदा यांचा सिद्धांतातून विचार होतो: वास्तववाद (सत्तेची चढाओढ), उदारमतवाद (संस्था आणि सहकार्य), रचनावाद (कल्पना आणि ओळख) आणि त्यांच्यावरची टीका. दुसऱ्या प्रकारात परराष्ट्र व्यवहारासाठी माणूस तयार करायचा म्हणून अर्थशास्त्र, इतिहास, भूगोल आणि भाषा एकत्र बांधलेल्या असतात. जॉर्जटाउनला अर्थशास्त्र सक्तीचं आहे, परकीय भाषेत प्रावीण्य सक्तीचं आहे, आणि जगाच्या नकाशावर एक छोटा स्वतंत्र कोर्सही आहे. पहिल्या प्रकारचा कोर्स घेऊन दुसऱ्याची अपेक्षा ठेवली की निराशा होते. वाद घालता येतो, पण व्यापार कराराचा मसुदा वाचता येत नाही.

सार्वजनिक धोरण पदवीला कमी ठिकाणी मिळतं, कारण हा विषय मुख्यतः पदव्युत्तर शिक्षणात वाढला. जिथे मिळतं तिथेही नाव नीट तपासा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची 'आंतरराष्ट्रीय सामाजिक व सार्वजनिक धोरण' ही पदवी गरिबी, शिक्षण, आरोग्य, कल्याणयोजना यांच्या बाजूला झुकते. तो ब्रिटिश 'सामाजिक धोरण' परंपरेचा वारसा आहे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात सार्वजनिक धोरणाच्या पदवीत तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्यांचे छोटे गट एखाद्या चालू प्रश्नावर मिळून शिफारशींचा अहवाल लिहितात. काम शिकण्याची पद्धत म्हणून मला ही फार मोलाची वाटते. निबंधात 'दोन्ही बाजू' मांडून सुटता येतं. शिफारस लिहिताना खर्च कोण करणार, अंमल कोणतं खातं करणार आणि विरोध कोण करणार, हे सांगावंच लागतं.

पीपीई ऑक्सफर्डला १९२० च्या सुमारास सुरू झालं. तिथे पहिल्या वर्षी तिन्ही विषय, नंतर तिन्ही चालू ठेवायचे किंवा एक सोडायचा. बरेच जण दोनच ठेवतात. म्हणून पीपीई म्हणजे तिन्हीवर सारखी पकड, असं समजू नका. धोरणात जायचं असेल तर सोडायचा विषय अर्थशास्त्र नसावा, एवढं पाळा.

मध्यममान

गणिताबद्दल. 'लागत नाही' हे उत्तर प्रवेशापुरतं खरं आहे, कामापुरतं नाही.

प्रवेशाची अट प्रत्येक कोर्सची वेगळी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या पीपीईला शाळेत शेवटपर्यंत गणित घेतलेलं लागतं, ऑक्सफर्डच्या पीपीईला ते सक्तीचं नाही. पण आत गेल्यावर अर्थशास्त्रात विकलन (डिफरन्शिएशन) येतंच: ठरलेल्या उत्पन्नात जास्तीत जास्त समाधान कसं काढायचं, हा पहिल्या वर्षीचा नेहमीचा प्रश्न. शाळेत गणित सुटलं असेल तर प्रवेशाआधीचे दोनतीन महिने विकलन आणि संभाव्यतेला द्या. पहिल्या सत्रात या दोनच गोष्टी लोकांना अडवतात.

राज्यशास्त्रातलं गणित मुख्यतः संख्याशास्त्राचं. ते का शिकवतात हे एका उदाहरणाने सांगतो. 'अमुक वर्षी त्या देशात युद्ध चालू होतं का?' हा साधा प्रश्न वाटतो. उप्साला विद्यापीठाच्या संघर्षविषयक माहितीसाठ्यात, निदान एका बाजूला सरकार असेल आणि एका वर्षात लढाईत किमान २५ मृत्यू झाले असतील, तर ती सशस्त्र संघर्ष म्हणून नोंद होते. मृत्यूंची संख्या १,००० ला पोचली की युद्ध. 'कोरिलेट्स ऑफ वॉर' हा १९६३ साली मिशिगनला सुरू झालेला प्रकल्प १,००० च्या खालची लढाई युद्धात धरत नाही. म्हणजे ४०० मृत्यूंची वर्षभराची लढाई एका तक्त्यात आहे आणि दुसऱ्यात नाही. 'जगात संघर्ष वाढले की कमी झाले' याचं उत्तर तुम्ही कोणता तक्ता उचलला त्यावर बदलतं. हे ज्याला माहीत नाही त्याला वर्तमानपत्रातला आलेख तपासता येत नाही.

धोरणात आणखी एक पायरी असते: योजनेमुळे फरक पडला की तो तसाही पडणार होता? समजा ६० गुणांच्या वर शिष्यवृत्ती मिळते. शिष्यवृत्ती मिळालेली मुलं पुढे चांगली शिकली यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण ती आधीपासूनच हुशार होती. पण ५९ आणि ६१ गुणांची मुलं जवळपास सारखीच. त्या रेषेच्या अल्याडपल्याड तुलना केली तर योजनेचा परिणाम वेगळा काढता येतो. अशा दोनतीन युक्त्या पदवीत शिकवणारा कोर्स असेल तर तो घ्या, नाव काहीही असो.

यादी वाचताना बघा:
- संशोधनपद्धतीचे किती पेपर सक्तीचे आहेत. एकच असेल आणि तोही फक्त मुलाखती व निबंधलेखनाचा, तर ते कमी आहे. दोन असावेत, त्यातला एक संख्यात्मक.
- संगणकावर काय वापरतात. 'आर' किंवा 'स्टाटा' ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर असतील तर ठीक. संख्याशास्त्र फक्त फळ्यावर शिकवत असतील तर ते परीक्षेनंतर विसरलं जातं.
- शेवटच्या वर्षी प्रबंध आहे का, आणि तो ऐच्छिक आहे की सक्तीचा. पुढे शिकायचं असेल तर प्रबंध हवाच. स्वतःच्या कामाचा दाखवण्यासारखा नमुना बहुधा तोच असतो.

युरोपात वर्षाला ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास काम धरलेलं असतं. म्हणजे ६ क्रेडिटचा पेपर १५० ते १८० तासांचा, आणि त्यातले वर्गातले तास थोडेच. तीन वर्षांच्या १८० क्रेडिटांपैकी पद्धती आणि संख्याशास्त्राला १५ ते २० तरी मिळावेत, असं माझं मत.

दुभाषी

तिसरा प्रश्न माझा आवडीचा. पदवीत भाषा 'होते', पण कुठली यावर सगळं आहे.

अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचे आकडे सोबत ठेवा. ते इंग्रजी भाषकांसाठी आहेत, तरी अंदाजाला पुरतात. कामापुरती भाषा यायला स्पॅनिश, फ्रेंचसाठी साधारण ६०० ते ७५० वर्गतास, रशियनसाठी ११००, आणि अरबी, चिनी, जपानी, कोरियनसाठी २२००. आता हिशोब करा. आठवड्याला ५ तास, वर्षाला २५ आठवडे म्हणजे १२५ तास. तीन वर्षांत ३७५. यात फ्रेंचचा अर्धा रस्ता होतो, अरबीचा सहावा हिस्सा. म्हणून अरबी किंवा चिनी घ्यायची तर पहिल्या सत्रापासून घ्या आणि त्या भाषेच्या देशात एक वर्ष घालवायची सोय असलेला कोर्स निवडा. दुसऱ्या वर्षी 'बघू' म्हणून सुरू केलेली चिनी भाषा लिपीतच अडकते.

अशी सोय मुळातच असलेले कोर्स आहेत. पॅरिसच्या सायन्स पोमध्ये तीन वर्षांची पदवी सात शहरांत विभागलेली आहे आणि बहुतेक शहरांना जगाचा एकेक भाग दिलेला आहे: ल आव्र आशियासाठी, माँतों मध्यपूर्व व भूमध्य प्रदेशासाठी. तिसरं वर्ष परदेशात काढावं लागतं. हेगला लायडन विद्यापीठाची 'आंतरराष्ट्रीय अभ्यास' ही इंग्रजीतली पदवी आहे, तिथे एक प्रदेश आणि त्याची भाषा निवडावी लागते. मात्र तिचा पाया मानव्यविद्यांचा आहे. संख्याशास्त्राची ओढ असेल तर ती वेगळी भरून काढावी लागेल.

संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषा आहेत: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. सचिवालयाचं रोजचं काम इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये चालतं. कुठली भाषा हे ठरत नसेल तर फ्रेंच घ्या.

रानजाई

तिघांचे आभार, यादी कशी वाचायची ते कळलं. आता पुढचा प्रश्न. ब्रिटनमध्ये अर्ज करायचा झाला तर एकाच अर्जात पीपीई, आंतरराष्ट्रीय संबंध आणि सार्वजनिक धोरण असे तिन्ही टाकता येतात का? आणि वर ज्या आंतरराष्ट्रीय संस्थांचा उल्लेख झाला, तिथे पदवीनंतर लगेच शिरता येतं का?

पानगळ

टाकता येतात, पण त्याची किंमत मोजावी लागते. यूकासच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या सगळ्या विद्यापीठांसाठीच्या सामायिक, अर्जात पाच जागा असतात आणि तुमचं निवेदन पाचही ठिकाणी तेच जातं. २०२६ च्या प्रवेशापासून त्यात तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात: हा विषय का, शिक्षणाने तुमची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं. तिन्ही मिळून मोकळ्या जागांसह ४,००० अक्षरं, प्रत्येकाला किमान ३५०. 'हा विषय का' याचं उत्तर तीन वेगळ्या विषयांसाठी लिहायला गेलात तर ते कुणालाच पटत नाही. पीपीईवाल्यांना तत्त्वज्ञान दिसत नाही, दुसऱ्यांना ते उगाच वाटतं. त्यापेक्षा शेजारचे कोर्स निवडा: राज्यशास्त्र, राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध, आणि नुसतं आंतरराष्ट्रीय संबंध हे एका निवेदनात बसतात.

निवेदनात 'लहानपणापासून राजकारणाची आवड' वगैरे नको. एक प्रश्न घ्या, उदाहरणार्थ आर्थिक निर्बंधांनी सरकारं खरंच वाकतात का, आणि त्यावर काय वाचलं, कुठला युक्तिवाद कच्चा वाटला आणि का, ते लिहा. अभिरूप संयुक्त राष्ट्रसभेत (मॉडेल यूएन) भाग घेतला असेल तर एका वाक्यात उरका. तिथे मिळालेल्या बक्षिसापेक्षा ठराव लिहिताना काय अडलं ते सांगणं जास्त कामाचं.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी एका वर्षी एकालाच अर्ज करता येतो, आणि त्यांची मुदत १५ ऑक्टोबर. बाकीच्यांची जानेवारीत. ऑक्टोबरची मुदत चुकली की वर्षभर थांबावं लागतं.

मध्यममान

आंतरराष्ट्रीय संस्थांबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या तरुण व्यावसायिक परीक्षेला पदवी पुरते. वय ३२ पर्यंत, आणि तुमचा देश त्या वर्षीच्या यादीत असावा लागतो. यादी दरवर्षी बदलते आणि परीक्षा ठरावीक शाखांसाठीच निघते, त्यामुळे सगळा डाव तिच्यावर लावू नका. बाकी बहुतेक जागांना पदव्युत्तर पदवी किंवा अनुभव मागतात.

धोरणातल्या चांगल्या पदव्युत्तर कोर्सना सूक्ष्म अर्थशास्त्र, स्थूल अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र गुणपत्रिकेवर दिसलं की काम सोपं होतं. काही ठिकाणी पदवी चार वर्षांची असावी अशीही अपेक्षा असते, म्हणून तीन वर्षांची पदवी घेण्याआधी पुढचे दोनतीन कोर्स निवडून त्यांची पात्रता आत्ताच वाचून ठेवा. पदवीवर बीए लिहिलंय की बीएससी, याला मात्र अडू नका. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आंतरराष्ट्रीय संबंधांनाही बीएससी देतं, ऑक्सफर्ड पीपीईला बीए.